चुकलेल्या माणसाशी वागायचे कसे: मंडळीतल्या माणसांसाठी क्रमवार पद्धत

आपल्या चर्चच्या मंडळीच्या पैशांत कुणी हात घातला, कुणी उसने घेऊन तोंड लपवले, कुणी बायकोवर हात उगारला, की आपल्याकडे दोनच गोष्टी होताना दिसतात. नागपुरातले सदर असो, मेकोसाबाग असो की मोहननगर, चित्र तेच. एक तर "जाऊ द्या ना बाप्पा, प्रभू पाहून घेईल" म्हणत सगळे गप्प बसतात. नाही तर रविवारी त्या माणसाच्या बाकावर कुणी बसत नाही, त्याच्या मुलीला संडे स्कूलच्या नाटकातून वगळले जाते, आणि हे कुणी ठरवले ते कुणालाच ठाऊक नसते. गप्प बसण्याला दया म्हणायचे आणि वाळीत टाकण्याला शिस्त, अशी सोय आपण करून घेतली आहे.

बहुतेकांचा हेतू वाईट नसतो, क्रम चुकतो. जे एकट्याने बोलायचे ते चारचौघांत बोलले जाते, जे महिन्यांनी द्यायचे ते पहिल्याच दिवशी दिले जाते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवा: क्षमा, भरपाई आणि विश्वास. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क सोडणे. ते तुमच्या हातात आहे आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधीही सुरू करता येते (मार्क ११:२५). भरपाई अपराध्याने करायची असते. विश्वास त्याच्या पुढच्या वागण्यावरून हळूहळू बसतो. तिन्ही एकदम मागितल्या किंवा एकदम देऊन टाकल्या की गोंधळ होतो. येशूने शिष्यांना सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हायला सांगितले, हे सगळ्यांना पाठ असते (मत्तय १०:१६). त्याच्या लगेच पुढच्या ओळीत माणसांपासून जपून राहायलाही सांगितले आहे, ती ओळ मात्र प्रवचनात क्वचितच येते.

## १. आधी अपराध कुठल्या प्रकारचा ते ठरवा

सगळ्या अपराधांना एकच औषध लावू नका. चार प्रकार पुरतात:

क. बोलण्यातली चूक, विसर, उद्धटपणा, मानापमान.
ख. तुमच्यापुरते नुकसान: बुडवलेली उसनवारी, तुमच्याबद्दल पसरवलेले खोटे.
ग. अनेकांचे नुकसान किंवा पुन्हापुन्हा केलेली फसवणूक: मंडळीचा निधी, महिला मंडळाची भिशी, नोकरी लावून देतो म्हणून घेतलेले पैसे.
घ. गुन्हा, ज्यात कुणाच्या जिवाला, शरीराला किंवा लहान मुलाला धोका आहे.

'क' बहुतेक वेळा गिळून टाकायचा असतो. अपराधाची उपेक्षा करणे हे माणसाला भूषण आहे, असे नीतिसूत्रे १९:११ सांगते. रविवारी कुणी सलाम केला नाही म्हणून पुढच्या पायऱ्या चढू नका. 'ख' आणि 'ग' साठी खालचा पूर्ण क्रम वापरा.

थांबा, हे आधी वाचा: प्रकार 'घ' असेल तर "आधी एकांतात जाऊन त्याला सांगा" ही पायरी लागूच होत नाही. मत्तय १८ मधला उपाय (आधी एकांतात, मग साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे) भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. त्याचा आधार घेऊन पीडिताला हल्लेखोरासमोर बसवणे हा त्या वचनाचा गैरवापर आहे. दुष्कृत्य करणाऱ्याला आवरण्यासाठी अधिकारी नेमलेले आहेत, हे पौलाने रोमकरांस १३:४ मध्ये स्वच्छ लिहिले आहे.

लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबाबत तर निवड करायला जागाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार कळला, किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात पाळक, संडे स्कूलची शिक्षिका, वसतिगृहाची वॉर्डन, सगळे आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. या गुन्ह्यात आपसात समझोता करून प्रकरण मिटवता येत नाही, मग तो समझोता पाळकसाहेबांच्या घरी प्रार्थना करून झालेला का असेना.

करायचे ते एवढेच:

- मूल बोलेल तेवढे एकाच माणसाने शांतपणे ऐकावे आणि मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवावे. कमिटीने, मग आजीने, मग पाळकांनी पुन्हापुन्हा विचारू नये.
- त्याच दिवशी १०९८ किंवा ११२ वर फोन करा, किंवा जवळच्या ठाण्यात जा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तशी मागणी करायला संकोच करू नका.
- मुलाचे नाव प्रार्थनेच्या विनंतीतही घेऊ नका. "एका बहिणीच्या लेकरासाठी प्रार्थना करा, पत्ता अमुक" असा निरोप ग्रुपवर फिरला की संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळते.

घरातल्या मारहाणीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

## २. एक पान लिहा

बोलायला जाण्याआधी एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे स्वतः पाहिलेले किंवा कागदावर असलेले, उजवीकडे ऐकलेले. तारीख, रक्कम, जागा, हजर असलेली माणसे लिहा. "तो नेहमी असेच करतो" हे वाक्य कुठल्याच बाजूला बसत नाही, ते खोडा.

उजवी बाजू लांब आणि डावी रिकामी असेल तर तुमच्याकडे तक्रार नाही, बातमी आहे. अशा वेळी बोलायला जाऊ नका, आधी कागद जुळवा. अनुवाद १९ मध्ये दोन किंवा तीन साक्षीदारांची अट आहे आणि नीट चौकशी करण्याची आज्ञाही आहे. साक्षीदार खोटा निघाला तर त्याने भावाचे जे करायचे योजले होते तेच त्याचे करायचे, इतका तो नियम कडक आहे.

उसनवारी असेल तर या पानावर आणखी एक तारीख हवी: पैसे दिल्याची. हातउसने दिलेल्या रकमेसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. मुदत संपण्याआधी कर्जदाराने "इतके देणे आहे" असे सही करून लिहून दिले तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. कोर्टात जायचे नसले तरी हे माहीत हवे. चार वर्षे "प्रभू पाहील" म्हणत बसलेला माणूस पाचव्या वर्षी चिडतो, आणि तोवर हातात चीड सोडून काही उरलेले नसते.

तपासणी: हे पान तुमच्या बाजूच्या नसलेल्या माणसाने वाचले तर त्याला नेमके काय घडले ते कळेल का? कळत नसेल तर पुन्हा लिहा.

## ३. स्वतःला दोन प्रश्न विचारा

पहिला: यात माझे काय चुकले? मत्तय ७:५ मधले मुसळ आधी काढायचे ते यासाठी की भावाच्या डोळ्यातले कुसळ काढताना नीट दिसावे. कुसळ काढायचेच नाही, असे तिथे म्हटलेले नाही. पावती न घेता पैसे दिले असतील, दोन वर्षे हिशेब मागितला नसेल, तर ते कबूल करायची तयारी ठेवा.

दुसरा: मला काय हवे आहे? पैसे परत, धोका थांबणे, माफी, त्याचे पद जाणे, की त्याने सगळ्यांसमोर खाली मान घालणे? शेवटचे उत्तर आले तर अजून जाऊ नका. एक-दोन दिवस थांबा, त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा. मात्र हे थांबणे महिनोन्महिने लांबवू नका. 'क' प्रकार सोडला तर सात दिवसांच्या आत पुढची पायरी घ्यावी, असे आमचे मत आहे. त्यानंतर माणूस बोलत नाही, कुरकुरतो.

## ४. एकांतातली भेट

मत्तय १८:१५ मधली पहिली पायरी, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच.

जागा. उपासनेनंतर चर्चच्या फाटकाजवळ कधीही नाही. तिथे दहा माणसे आजूबाजूला असतात आणि समोरचा माणूस उत्तर त्यांना देतो, तुम्हाला नाही. चाळीसारख्या जोडघरांत भिंतीपलीकडे सगळे ऐकू जाते, तेही टाळा. सकाळी अंबाझरी उद्यानातला बाक, किंवा दार लोटलेली पण कुलूप नसलेली चर्चची कार्यालयाची खोली चालेल. स्त्री-पुरुष समोरासमोर असतील तर जागा उघडी, दुरून दिसणारी हवी.

वेळ. अर्धा तास पुरतो. मे महिन्यात दुपारी मुळीच नको. पंचेचाळीस अंशांत कुणाचेही डोके थंड राहत नाही, आणि कूलरच्या आवाजात अर्धे बोलणे ओरडून करावे लागते. पगाराच्या आदल्या आठवड्यात पैशांचा विषय काढू नका.

बोलणे. आधी वस्तुस्थिती, मग प्रश्न, मग शांतता. समजा कापणीच्या सणाच्या लिलावाचा हिशेब जुळत नाही आणि खजिनदार तुमच्यापेक्षा वयाने मोठे आहेत:

"अंकल, लिलावाची वही आणि पासबुक मी जुळवून पाहिलं. वहीत एक लाख चौदा हजार आहेत, पासबुकात अठ्ठ्याहत्तर हजार. छत्तीस हजारांचा मेळ मला लागत नाहीये. तुम्ही सांगाल का?"

एवढेच. यानंतर गप्प बसा. शांतता जड वाटली तरी ती भरू नका. बहुतेक माणसे इथे घाबरून स्वतःच समोरच्याला सबब पुरवतात: "म्हणजे घाईत राहिलं असेल तुमचं..." मग तीच सबब परत ऐकावी लागते.

जी वाक्ये वापरायची नाहीत: "लोक काय काय बोलताहेत तुमच्याबद्दल." "तुमच्यासारख्या विश्वासणाऱ्याला शोभतं का?" आणि "प्रभूने मला दाखवलं." पासबुकात दिसते आहे, त्यासाठी दर्शनाची गरज नाही.

उत्तर कसे येते त्यावर पुढचे ठरते:

- खुलासा मिळाला, उदाहरणार्थ मंडपवाल्याला रोख दिले आणि ही पावती. पावती पाहा, त्या मंडपवाल्याला विचारा, आणि जुळले तर लगेच माफी मागा. विषय संपला. पत्नीलासुद्धा पुढे काही सांगायचे नाही.
- कबुली मिळाली. आभार माना आणि तिथेच रक्कम व तारखा लिहून दोघांनी सही करा. लिहिणे नंतरवर टाकू नका. मंडळीचा पैसा असल्याने कमिटीला सांगावे लागेल, हेही तिथेच सांगा; आठ दिवसांत त्यांनी स्वतः सांगितले तर उत्तम.
- नकार किंवा उलटा हल्ला. वाद घालू नका. "ठीक आहे, मी आणखी एका भावाला घेऊन परत येतो" म्हणून उठा.
- रडणे. पाणी द्या, बसा, प्रार्थना करा. पण रडण्याला कबुली समजू नका. "माझं चुकलं" आणि "मी छत्तीस हजार घेतले" या वाक्यांत फार अंतर आहे. दुसरे वाक्य येईपर्यंत पहिल्यावर विसंबू नका.

इशारा: या भेटीआधी किंवा नंतर व्हॉट्सअॅपवर काहीही टाकू नका, नाव न घेता वचन टाकणेही नको. "चोरी करू नको" हे वचन सोमवारी सकाळी ग्रुपवर कुणासाठी आले ते सगळ्यांना कळते. नाव घेऊन आरोप केला तर मानहानीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

## ५. एक किंवा दोन माणसे बरोबर

साक्षीदार म्हणजे तुमच्या बाजूचे बळ नव्हे. त्यांचे काम दोन्हीकडचे ऐकणे आणि तुम्हीच चुकत असाल तर तसे सांगणे. म्हणून आपला मेहुणा नको, आणि कमिटीच्या निवडणुकीत त्या माणसाविरुद्ध उभा असलेला तर नकोच. अपराधी ज्याचा शब्द मानतो असा एक, आणि हिशेब कळणारा किंवा विषयाची माहिती असलेला दुसरा. प्रकरणात स्त्री असेल तर एक स्त्री असावीच.

त्यांना आधी ते एक पान द्या, गोष्ट सांगू नका. भेटीनंतर काय ठरले याच्या चार ओळी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. "आपण ख्रिस्ती माणसं, सह्या कशाला?" असे कुणीतरी म्हणतेच. मंडळ्यांची वर्गणी यरुशलेमेला नेताना पौलाने एकट्याने न नेता इतर भाऊ बरोबर घेतले, माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख दिसावा म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). पौलाला जी काळजी घ्यावीशी वाटली ती आपल्याला कमीपणाची का वाटावी?

## ६. मंडळीपुढे

ही पायरी फक्त दोन कारणांनी घ्या: दोन भेटींनंतरही नकार कायम आहे, किंवा पैसा, पद, मुले असे काहीतरी मंडळीच्या जबाबदारीतले आहे.

सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत पास्टरेट कमिटी, इतरत्र वडीलमंडळ किंवा पॅरिश कौन्सिल. लेखी अर्ज त्यांच्याकडे द्या आणि पोच घ्या. कमिटीने अपराध्याला बोलवावे, ऐकावे आणि निर्णय इतिवृत्तात लिहावा. उपासनेत जाहीर करायचेच असेल तर दोन वाक्ये पुरेत: काय ठरले आणि कोणते काम आता कोण पाहील. तपशील, अश्रू, घरची भांडणे यांचे तिथे काम नाही.

मंडळीची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर आणखी एक गोष्ट. ते पैसे कमिटीतल्या दयाळू माणसांचे नाहीत, म्हणून ते माफ करून टाकण्याचा अधिकारही त्यांचा नाही. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेबांची तपासणी होते आणि गैरव्यवहार असेल तर लेखापरीक्षकाला तो अहवालात लिहावा लागतो. "आपसात मिटवले" म्हणणारे विश्वस्त उद्या स्वतः अडचणीत येतात. स्वतःच्या खिशातले कर्ज मात्र तुम्ही खुशाल माफ करू शकता.

येशूने शेवटी त्याला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समजा म्हटले आहे. जकातदारांशी येशू कसा वागला ते त्याच शुभवर्तमानात आहे: त्यांच्याबरोबर जेवला. म्हणजे पद गेले, खजिन्याची किल्ली गेली, सभासदत्वाचे हक्क गेले; सलाम जात नाही. त्याच्या घरच्या मयताला जाणे बंद होत नाही, आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वर्गावर त्याच्यावरचा राग निघत नाही.

## ७. भरपाई ठरवणे

सर्वांत कच्चे काम इथे होते. माफी मागितली, सगळे रडले, "हालेलुया" झाले आणि रक्कम राहून गेली. जकातदार जक्कयाने मात्र उभे राहून आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतले त्याचे चौपट परत (लूक १९:८). लेवीय ६:५ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा असा हिशेब आहे.

वरच्या उदाहरणात मुद्दल ३६,००० रुपये. पाचवा हिस्सा ७,२००. एकूण ४३,२००. बारा हप्ते केले तर महिन्याला ३,६००. हे कागदावर असे उतरवा:

- एकूण रक्कम, हप्ता, तारीख. तारीख पगारानंतरची, म्हणजे ५ किंवा ७.
- पैसे बँकेतच भरायचे, कुणाच्या हातात रोख नाही. रोख घेतलीच तर पावती. ५,००० रुपयांवरच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लागते.
- एक हप्ता चुकला तर काय, दोन चुकले तर काय.
- कागद कुणाकडे राहणार. दोन प्रती.

पाचवा हिस्सा त्याच्या खुशीने यावा, कमिटीने व्याजासारखा लादू नये. आणि हप्ता झेपणारा हवा. महिन्याला बारा हजार मिळवणाऱ्या माणसाने भावनेच्या भरात दहा हजारांचा हप्ता कबूल केला तर तुम्हीच तो खाली आणा. नाही तर तो दुसऱ्या महिन्यात सावकाराकडे जाईल आणि तिसऱ्या महिन्यात चर्चला यायचा बंद होईल.

पैशांव्यतिरिक्त नुकसान असेल, समजा खोटी बदनामी, तर भरपाई जिथे नुकसान झाले तिथे व्हावी. महिला मंडळात खोटे सांगितले असेल तर महिला मंडळातच "मी सांगितलेले खरे नव्हते" असे म्हणावे. एकांतात मागितलेल्या माफीने बदनामी धुतली जात नाही.

तपासणी: "मी माफी मागितली ना, आता विषय काढू नका" असे तो म्हणतो का? तसे असेल तर अजून पश्चात्ताप झालेला नाही, कंटाळा आला आहे. खऱ्या दुःखातून तळमळ येते, झाले ते निस्तरण्याची उत्सुकता येते (२ करिंथ ७:११). असा माणूस हप्त्याची आठवण करून द्यायची वेळ आणत नाही.

## ८. विश्वास परत देणे

योसेफाने आपल्याला विकून टाकणाऱ्या भावांना पाहताक्षणी ओळखले, धान्य दिले, पैसेही त्यांच्याच गोण्यांत परत ठेवले. ओळख मात्र दिली नाही. बन्यामिनाच्या गोणीत प्याला सापडल्यावर यहूदा त्याच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच तो रडून म्हणाला की मी योसेफ आहे (उत्पत्ती ४२ ते ४५). दया पहिल्या दिवसापासून होती. विश्वास टाकण्याआधी त्याने तेच भाऊ तशाच प्रसंगात काय करतात ते पाहिले.

दाविदाचेही तसेच. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला त्याने दोनदा जिवंत सोडले. शौल रडला, "माझ्या मुला दाविदा" म्हणाला, परत ये म्हणाला. दावीद गेला नाही; तो आपल्या वाटेने गेला (१ शमुवेल २६:२५). यात क्षमेची कमतरता कुणी दाखवून द्यावी.

व्यवहारात असे करा. पहिले तीन महिने कुठलेही पद नाही, पण उपासनेत आणि घरसभेत जागा आहे. हप्ते नियमित असतील तर त्यानंतर ज्या कामात आधीचा मोह नाही असे काम द्या: खुर्च्या लावणे, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, आणि तेही कुणाबरोबर तरी. पूर्ण रक्कम फिटल्यावर आणि वर्षभर पाहिल्यावर मोठ्या जबाबदारीचा विचार करा. हे आकडे शास्त्रातले नाहीत, अनुभवाने बसलेले आहेत. प्रकरण पाहून कमी-जास्त करा. पौलाचा सोबती मार्क अर्ध्या वाटेतून परतला म्हणून पौलाने त्याला पुढच्या प्रवासात नेले नाही, आणि तोच मार्क पुढे "सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये" असा झाला (प्रेषितांची कृत्ये १५:३८, २ तीमथ्य ४:११).

दोन ठिकाणी दार कायमचे बंद ठेवा. मुलांवर अत्याचार केलेल्या माणसाला मुलांचे काम पुन्हा कधीही नाही, कितीही साक्षी दिल्या तरी. आणि पैसे खाल्लेल्या माणसाला एकट्याच्या सहीचा खजिना नाही. खरे तर एकट्याच्या सहीचा खजिना कुणालाच नको: दानार्पण दोघांनी मोजायचे, त्याच दिवशी वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत.

उलट बाजूनेही चूक होते. सगळे फेडून झाले, दोन वर्षे झाली, तरी "हा तोच ना" म्हणून बोट दाखवणे सुरूच. करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितले की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-७). शिक्षा कधी संपली तेही इतिवृत्तात लिहा आणि वाचून दाखवा.

## ९. दया कुठे दाखवायची

परिणाम भोगू द्यायचे आणि माणसाला एकटे पाडायचे नाही, हे दोन्ही एकाच वेळी करता येते. फक्त मदतीचा प्रकार नीट निवडावा लागतो.

- दारू किंवा सट्ट्यात अडकलेल्याला रोख देऊ नका. किराणा भरून द्या, विजेचे बिल परस्पर भरा, शाळेची फी शाळेच्या खात्यात जमा करा.
- जामीन राहण्याआधी नीतिसूत्रे ६:१-५ वाचा, आणि मग बायकोला विचारा. बँकेच्या कर्जाला सही केली तर त्याने हप्ता चुकवल्यावर बँक तुमच्याकडे येणार. जेवढी रक्कम पूर्ण बुडाली तरी घर चालेल, तेवढ्यालाच सही करा.
- माणूस वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असेल तर भेटीला जा. ओळखपत्र लागते आणि भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, आधी विचारून जा. "मी बंदिवासात होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात" हे मत्तय २५:३६ मधले शब्द निर्दोष कैद्यांपुरते नाहीत. मात्र त्याच्या वतीने तक्रारदाराकडे जाऊन "केस मागे घे" म्हणू नका. ती दया नाही, साक्षीदारावरचा दबाव आहे.
- सर्वांत आधी त्याच्याकडे पाहा ज्याचे नुकसान झाले. आपल्याकडे अपराध्याभोवती प्रार्थनेला वीस माणसे जमतात आणि ज्याचे पैसे गेले त्याच्या घरी चहालाही कुणी जात नाही.

## अडचणीचे प्रसंग

अपराधी पाळकच असेल तर. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय आरोप घेऊ नये, आणि पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर दोष दाखवावा, अशी दोन्ही वाक्ये शेजारीशेजारी आहेत (१ तीमथ्य ५:१९-२०). पहिले वाक्य पाळकांच्या बाजूचे लोक सांगतात, दुसरे विरोधक, दोन्ही पाळा. लेखी तक्रार बिशपांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन हिशेब न देण्यासाठी नाही.

नवरा मारतो, आणि घरचे म्हणतात सहन कर. धोक्यातून बाहेर पडणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे साप आणि कबुतराच्याच अध्यायात आहे (मत्तय १०:२३). आधी सुरक्षित जागा, मग औषधोपचार आणि त्याचे कागद, मग बाकीचे बोलणे. समेटाची बैठक ती बाई मागेल तेव्हा, सासरचे मागतील तेव्हा नाही.

पैसे घेणारा भाऊच आहे आणि कोर्टाशिवाय इलाज दिसत नाही. १ करिंथ ६ मध्ये पौलाने भावाभावांतले व्यवहार आपसात सोडवायला सांगितले आहेत. म्हणून आधी मंडळीतल्या जाणत्यांची बैठक, मग लोकअदालत किंवा मध्यस्थी. ऑनलाइन फसवणूक असेल तर वाट पाहू नका. १९३० वर लगेच फोन करा, कारण तासाभरात कळवले तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

तो माणूस शहर सोडून दुसऱ्या मंडळीत गेला. तिथले पाळक सभासदत्वाचे पत्र मागतात आणि इथले सगळे "चांगला भाऊ आहे" एवढेच लिहून सुटतात. असे करू नका. पत्रात चार गोष्टी लिहा: काय सिद्ध झाले, किती फेडले, किती बाकी आहे, आणि कोणते काम त्याला देऊ नये. कानावर आलेले काही लिहू नका. पत्राची एक प्रत त्या माणसालाही द्या.